शेजाऱ्यापुरती नजर

३१ जानेवारी १९८१ची सकाळ. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी महात्माजींची अंत्ययात्रा दिल्लीच्या राजपथावर चित्रित करायची होती आणि दिवस मुद्दाम तोच निवडला होता. बरोबर ३३ वर्षांपूर्वी याच तारखेला खरी अंत्ययात्रा निघाली होती. मेहनताना ठरवून बोलावलेली माणसं होती ९४ हजारांच्या आसपास. दोन लाखांहून अधिक आपणहून आली. कॅमेऱ्यांच्या ११ पथकांनी त्या एका सकाळी २० हजार फूट फिल्म वापरली आणि पडद्यावर त्यातली १२५ सेकंद उरली.

ते दृश्य आज पुन्हा बघताना माझं लक्ष पार्थिवाकडे कमी आणि कडेच्या माणसांकडे जास्त जातं. खऱ्या गर्दीत कुणाची मान भलतीकडेच वळलेली असते, कुणी दोन पावलं सरकून थबकतो, कुणाला पुढचं दिसत नाही म्हणून तो टाचा उंचावतो. तीन लाख माणसं जमली तरी तीन लाख जणांचं तीन लाख प्रकारचं चाललेलं असतं. तरीही लांबून बघणाऱ्याला ती एक गोष्ट दिसते. आपण तिला एकवचनी नाव देतो, गर्दी. याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. माणसं वेगवेगळी दिसली तरच ती माणसं वाटतात, हे वेशभूषाकाराला जन्मभर सांभाळावं लागतं. संगणकाला ते शिकायला पुढची वीस वर्षं लागली.

अशी सकाळ प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी नसते. म्हणून सिनेमावाले पहिल्यापासून गर्दी बनवत आले. १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये अटलांटाच्या रेल्वे स्थानकासमोर जखमी सैनिकांचा जो पसारा दिसतो, त्यात जवळपास निम्मे पुतळे आहेत. शेजारी पडलेल्या जिवंत माणसानं पुतळ्याचा हात हळूच हलवायचा, अशी योजना होती. साठ वर्षांनी, १९९९च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये शर्यतीच्या मैदानावर बसवलेले प्रेक्षक म्हणजे रंगवलेल्या कापूसकाड्या होत्या. कान साफ करायच्या, त्याच. छोट्या प्रतिकृतीत त्या हजारोंनी टोचल्या आणि खालून पंख्याचा वारा सोडला. काड्या डुलल्या, प्रेक्षक चेकाळल्यासारखे दिसले. मला ही युक्ती मनापासून आवडते. पण त्या काड्यांना उठून चालता येणार नव्हतं.

चालणारी गर्दी हवी तर काय करायचं? हाताने चित्रं काढणाऱ्यापुढे आणि संगणकावर काम करणाऱ्यापुढे अडचण एकच होती. एक पक्षी उडवायचा तर त्याची वाट आखून द्यावी लागते. ऐंशी पक्षी उडवायचे तर ऐंशी वाटा आणि त्या एकमेकींत अडकू नयेत याची काळजी. मध्येच दिग्दर्शक म्हणाला की थवा जरा डावीकडून आणा, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आखणारा सेनापतीसारखा टेकडीवर उभा राहून प्रत्येकाला हुकूम देणार, असाच सगळ्यांचा समज होता.

पक्ष्यांविषयीही जुना समज तसाच होता. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर वळसे घेणारे भोरड्यांचे थवे ज्यांनी पाहिलेत, त्यांना तो समज का झाला असेल हे सांगायला नको. हजारो पक्षी एका क्षणात वळतात. कुणी इशारा केलेला दिसत नाही, कुणी मागे राहत नाही. इंग्लंडमध्ये एडमंड सेलस नावाचे पक्षिनिरीक्षक होते. भोरडीच्याच कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले आणि १९३१मध्ये पुस्तक लिहून मत मांडलं की पक्षी एकमेकांच्या मनातले विचार थेट ओळखत असावेत. त्यांना हसू नये. इतकं बारकाईनं पाहणाऱ्या माणसाला दुसरं उत्तर सापडलं नाही, यावरून प्रश्न किती अवघड होता ते कळतं.

उत्तर आलं लॉस एंजेलिसहून. क्रेग रेनॉल्ड्स हा तरुण सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीच्या ग्राफिक्स विभागात काम करत होता. १९८६च्या सुमारास त्यानं थव्याचा प्रश्न उलटा करून पाहिला. थव्याची वाट आखायचीच नाही. एकेका पक्ष्याला थोडीशी समज द्यायची, तीही तीनच बाबतींत. शेजाऱ्यावर आदळायचं नाही. शेजारी ज्या दिशेनं, ज्या वेगानं जातायत तसं आपणही जायचं. आणि शेजाऱ्यांच्या घोळक्यापासून फार लांब पडायचं नाही. यापलीकडचं त्या पक्ष्याला काही ठाऊक नव्हतं. आपण थव्यात आहोत, थवा किती मोठा आहे, कुठे निघालाय, काही नाही. जवळच्या चारदोघांवर नजर, बस. रेनॉल्ड्सनं या कृत्रिम पाखरांना ‘बॉइड’ म्हटलं. पक्ष्यासारखं काहीतरी असा त्याचा अर्थ. न्यूयॉर्कच्या बोलीत ‘बर्ड’चा उच्चारही असाच होतो.

नियम साधे असले तरी हिशेब जड होता. प्रत्येक पाखरानं बाकी प्रत्येकाकडे बघून ठरवायचं की यातले शेजारी कोण. ८० पाखरांचा थवा असेल तर एका चित्रचौकटीसाठी ६,४०० वेळा अंतर मोजावं लागे. तेव्हाच्या यंत्राला त्यासाठी दीड मिनिटाच्या वर वेळ लागायचा. दहा सेकंदांच्या हालचालीला आठ तास. संध्याकाळी यंत्र चालू करून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं की दहा सेकंदांत थवा जमला का विस्कटला. आणि थवा जमत होता. वाटेत खांब आला तर दोन्ही बाजूंनी फाकून पलीकडे पुन्हा एक होत होता. फाकून परत जुळायचं, असं प्रोग्रामात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

१९८७च्या जुलैमध्ये अ‍ॅनाहाइम इथे सिग्राफ ही संगणकीय चित्रकलेची मोठी परिषद भरली. रेनॉल्ड्सचा निबंध तिथेच प्रसिद्ध झाला. ‘स्टॅनली अँड स्टेला’ हा छोटा चित्रपटही तिथेच दाखवला गेला. थव्यातला एक पक्षी आणि पाण्यातल्या झुंडीतली एक मासोळी यांची ती प्रेमकथा. मला त्यात लोभस वाटतं ते असं की, गर्दी बनवायला शिकल्यावर पहिली गोष्ट सांगितली ती गर्दीतून बाजूला झालेल्या दोघांची.

त्यानंतर मोठ्या पडद्यावर जनावरं आली. १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधली वटवाघळं आणि पेंग्विन रेनॉल्ड्सच्याच प्रोग्रामात फेरफार करून बनवले होते. १९९४च्या ‘द लायन किंग’मध्ये दरीतून उधळत येणारा कळप सगळ्यांना आठवत असेल. अडीच मिनिटांच्या त्या दृश्यासाठी डिस्नेच्या संगणक विभागातली पाच माणसं दोन वर्षांहून जास्त काळ खपली. शेकडो जनावरं उधळायची पण एकमेकांतून आरपार जायची नाहीत, यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. १९९८च्या ‘मुलान’मध्ये बर्फाच्या उतारावरून २,००० हूण घोडेस्वार खाली आले. मात्र पळणं आणि उडणं सोपं आहे. सगळे एकाच दिशेला, सगळ्यांचं काम एकच. माणसं समोरासमोर आली की प्रकरण बदलतं.

ही अवघड गाठ वेलिंग्टनला सुटली. न्यूझीलंडचा दिग्दर्शक पीटर जॅक्सन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची तयारी करत होता. टोल्कीनच्या कादंबरीतल्या लढाया म्हणजे हजारो आणि लाखोंच्या सेना. जॅक्सननं १९९६मध्ये स्टीफन रेगेलस या प्रोग्रामरला विचारलं की हे जमेल का. रेगेलसला निसर्गातल्या जिवांचं वागणं संगणकात उतरवण्याचा नाद आधीपासून होता. त्यातून ‘मॅसिव्ह’ नावाचं सॉफ्टवेअर उभं राहिलं.

रेगेलसनं रेनॉल्ड्सचाच धागा पुढे नेला. रेनॉल्ड्सच्या पाखराला शेजाऱ्याचं अंतर आकड्यात आयतं मिळत होतं. रेगेलसनं आपल्या सैनिकाला डोळे दिले. सैनिक जिथे उभा आहे तिथून जग कसं दिसेल, त्याचं ओबडधोबड चित्र संगणक दर क्षणी तयार करी आणि सैनिकाला तेवढंच कळे. पाठीमागचं दिसत नसे. मध्ये कुणी उभा असला तर पलीकडचा दिसत नसे. कान होते, स्पर्श होता, पायाखालची जमीन चढाची की उताराची हे कळत होतं. यावरून निर्णय घेणारा मेंदू म्हणजे काही हजार छोट्या तर्कगाठींचं जाळं. हा तर्क हो किंवा नाही असा नव्हता. बर्कलीचे लोत्फी झादेह यांनी १९६५मध्ये मांडलेलं धूसर तर्कशास्त्र त्यात वापरलं होतं. शत्रू ‘बराच जवळ’ आहे, मी ‘थोडासा तिरका’ आहे, अशा अदमासांवर सैनिक वागे. चालताना आपणही पुढच्याचं अंतर फुटपट्टीनं मोजत नाही.

निर्णय झाला की त्याला साजेशी हालचाल हवी. ती खऱ्या माणसांकडून घेतली होती. अंगावर खुणा लावलेल्या लढवय्यांनी वार केले, अडवले, ठेचकाळले, पडले; त्या हालचाली नोंदवून त्यांचे लहान लहान तुकडे केले होते. सैनिकाचा मेंदू त्यातला हवा तो तुकडा उचलून पुढच्याला जोडत जाई. उंची, चालीची ढब, चिलखत, अंगावरचा मळ, चिडखोरपणा, सगळं प्रत्येकात थोडं थोडं बदललेलं. म्हणून दहा हजारांत जुळी भावंडं चटकन सापडत नाहीत.

पहिल्या मोठ्या चाचणीत एक हजार चंदेरी आणि एक हजार सोनेरी आकृत्या समोरासमोर सोडल्या. कुणी कुणाशी लढायचं हे ठरवलेलं नव्हतं. मधोमध तुंबळ सुरू झालं. आणि तेवढ्यात पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की मागच्या बाजूला काही सैनिक लढाई सोडून चक्क पळून चाललेत. जॅक्सननं ही हकीकत पुढे मुलाखतींतून सांगितली आणि ती जगभर झाली. संगणकातल्या माणसांना भीती वाटायला लागली, ती शहाणी झाली, असं लोक एकमेकांना सांगू लागले. खुलासा रेगेलसनंच केला. ते भित्रे नव्हते. पुढच्या फळीतून धावत पार गेल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे शत्रू उरला नव्हता. शत्रू दिसला नाही तर वळून बघावं, हे त्यांना शिकवायचं राहून गेलं होतं. म्हणून ते सरळ धावत राहिले, शत्रू शोधत.

मला दंतकथेपेक्षा हा खुलासा जास्त चटका लावतो. पळपुटे वाटलेले ते सगळे खरं तर हुकूम पाळत होते. लांबून पाहणाऱ्यानं त्यांच्या पाठी पाहिल्या आणि त्यात स्वतःची भीती भरली. गर्दीविषयी आपण जी मतं बनवतो, तिला भित्री, माथेफिरू, भोळी म्हणतो, त्यातली किती मतं अशी टेकडीवरून बनवलेली असतात?

२००२च्या ‘द टू टॉवर्स’मध्ये हेल्म्स डीपच्या किल्ल्यावर दुष्टांच्या सेनेतले दहा हजार उरुक-हाय चालून येतात. वेलिंग्टनजवळच्या ड्राय क्रीक दगडखाणीत किल्ला बांधून महिनोन्‌महिने रात्रीचं चित्रीकरण झालं. कॅमेऱ्याजवळचे काही शे योद्धे खरे, त्यामागचा काळा समुद्र मॅसिव्हचा. एवढ्यांची चित्रं पडद्यासाठी रंगवायची हेही अवघडच काम. त्यासाठी स्टुडिओत वेगळा प्रोग्राम लिहिला गेला. आता दिसायला सेना तयार होती, पण मुकी होती. दहा हजारांचा आवाज कुठून आणायचा?

तो क्रिकेटनं दिला. फेब्रुवारी २००२मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत जॅक्सन स्वतः मैदानात उतरला. टोल्कीननं दुष्टांसाठी रचलेल्या भाषेतले शब्द मोठ्या पडद्यावर उच्चाराप्रमाणे लिहून दाखवले आणि पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षकांनी ते एका सुरात ओरडून म्हटले, छाती बडवली, पाय आपटले. अंगावर येणारी ती गर्जना सामना बघायला आलेल्या माणसांची आहे. वानखेडेवर बसलेल्या कुणालाही या गोष्टीचं नवल वाटणार नाही. शरीर कितीही हुबेहूब बनवलं तरी हजारो गळ्यांचा एकत्र आवाज बनवता आला नाही, तो मागून आणावा लागला.

‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये आकडे आणखी वाढले. दक्षिण बेटावरच्या ट्वायझेलजवळच्या माळरानावर अडीचशेच्या आसपास घोडेस्वार खरे धावले, पडद्यावर ते सहा हजार झाले. समोर ऑर्क या दुष्ट योद्ध्यांची दोन लाखांची सेना. राजपथावरच्या तीन लाखांच्या जवळ संगणक येऊन पोचला होता. रेनॉल्ड्सला १९९८मध्ये आणि रेगेलसला २००४मध्ये ऑस्करच्या अकादमीनं तंत्रविज्ञानाचे सन्मान दिले.

याच सुमारास दुसरीकडे, सिनेमाशी काही संबंध नसलेली माणसं जवळपास हेच गणित मांडत होती. जर्मनीतल्या श्टुटगार्टचे डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोलनार यांनी १९९५मध्ये पादचाऱ्यांसाठी एक प्रारूप दिलं. माणसाला आपल्या ठिकाणी पोचायची ओढ आणि इतरांपासून अंतर राखायची ओढ, अशा दोन बळांत तो चालतो. संगणकातल्या अशा ठिपक्यांनी अरुंद दारात आळीपाळीनं वाट दिली, फुटपाथवर येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची रांग आपोआप वेगळी झाली. २०००मध्ये हेल्बिंग, फारकाश आणि व्हिचेक यांनी ‘नेचर’मध्ये घबराटीतल्या गर्दीचा अभ्यास छापला. सगळे जितकी घाई करतात तितकं दार तुंबतं आणि बाहेर पडायला उशीर होतो, हे त्यात दिसलं. दारासमोर जरा कडेला खांब असला तर रेटा विभागला जातो आणि माणसं उलट लवकर बाहेर पडतात, हेही.

पुढे २००८मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात युर व्हान डेन बर्ग, मिंग लिन आणि दिल्ली आयआयटीत शिकलेले दिनेश मनोचा यांनी एक साधी अडचण सोडवली. समोरून येणाऱ्याला वाट द्यायला आपण डावीकडे होतो, तोही त्याच बाजूला येतो, मग दोघं उजवीकडे. संगणकातली माणसंही अशीच एकमेकांपुढे डुलत राहायची. त्यांनी प्रत्येकाला सांगितलं की टक्कर टाळायची निम्मी जबाबदारी तुझी, निम्मी समोरच्याची. डुलणं थांबलं.

या सगळ्या नियमांना एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे पाऊल टाकायला जागा. ती संपली की नियम संपतात. १२ जानेवारी २००६ला मक्केजवळच्या मिना इथे जमरात पुलाशी हज यात्रेत चेंगराचेंगरी झाली, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. तिथल्या कॅमेऱ्यांची चित्रं हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासली. आधी थांबत थांबत सरकणाऱ्या लाटा दिसल्या आणि मग गर्दी पाण्यासारखी वाटेल त्या बाजूला हिंदकळू लागली. चौरस मीटरमध्ये सहासात माणसं कोंबली गेल्यावर कुणी काही ठरवत नसतं. डोळे असतात पण समोर फक्त पाठ असते, आणि आपला पाय आपल्या ताब्यात नसतो. २७ ऑगस्ट २००३ला नाशिकच्या कुंभमेळ्यात अरुंद रस्त्यावर अशाच रेट्यात ३९ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ‘भाविकांची झुंबड’ असे शब्द सहज वापरले जातात. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं, पुढच्याला मागे सांगता येत नव्हतं, एवढाच त्या माणसांचा दोष. संगणकात गर्दी घडवणाऱ्यांनी हे कधीच ओळखलं होतं की प्रत्येकाची नजर शेजाऱ्यापुरतीच असते. रस्ते आणि पूल आखणाऱ्यांनी ते मनावर घेतलं तर माणसं वाचतात.

नाशिकच्या त्या घटनेनंतर तीन महिन्यांनी, १ डिसेंबर २००३ला, ‘द रिटर्न ऑफ द किंग’चा जगातला पहिला खेळ वेलिंग्टनच्या एम्बसी चित्रपटगृहात झाला. खुर्च्या जेमतेम काही शे. पण कलाकारांची मिरवणूक बघायला शहराच्या रस्त्यांवर लाखभर माणसं उतरली होती, म्हणजे त्या भागातल्या दर चार माणसांतलं एक. त्यांच्यात हेल्म्स डीपच्या रात्री चिलखत घालून भिजलेले असतील, स्टेडियमवर दुष्टांच्या भाषेत ओरडलेले असतील. आत पडद्यावर दोन लाखांची सेना मैदानात उतरत होती, प्रत्येकाला आपापले डोळे होते. बाहेर लाखभर माणसं टाचा उंचावून एकमेकांच्या खांद्यावरून बघत उभी होती.